वालपराइसोची मंडळी : एका पेन्टेकॉस्टल चर्चची वाढ आणि संघटना

धर्मसंस्था आणि भाषाव्यवहार यांचा संबंध पाहताना आपण सहसा धर्मग्रंथांची भाषांतरे, प्रार्थनेची भाषा किंवा मिशनऱ्यांनी रचलेले कोश व व्याकरणे यांचा विचार करतो. एक प्रश्न मात्र बाजूला राहतो : धर्मसंस्थेत बोलण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि तो कसा मिळतो? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी दक्षिण अमेरिकेतील चिली या देशातील मेथॉडिस्ट पेन्टेकॉस्टल चर्च हे उदाहरण निवडले आहे. उदाहरण दूरचे वाटेल. पण त्याचा एक धागा पुणे जिल्ह्यातील केडगावला येऊन पोहोचतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्ट म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या वेळी येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, अशी कथा आहे. तो अनुभव केवळ आरंभकाळापुरता नसून आजच्या विश्वासणाऱ्यालाही येऊ शकतो, असे मानणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहाला पेन्टेकॉस्टल म्हणतात. या प्रवाहाचा उगम अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरातील अझुसा स्ट्रीट येथे १९०६ साली झालेल्या सभांत झाला, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. चिलीच्या बाबतीत हे विधान पुरेसे ठरत नाही.

केडगावची पुस्तिका

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात जून १९०५ मध्ये मोठी आत्मिक जागृती झाली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, हसणे, पापांची जाहीर कबुली देणे असे प्रकार घडू लागले. मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी त्या वेळी रमाबाईंची सहकारी होती. या अनुभवावर आधारित अशी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याविषयीची एक छोटी इंग्रजी पुस्तिका तिने लिहिली आणि ती १९०६ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापली गेली.

या पुस्तिकेची एक प्रत १९०७ मध्ये चिलीच्या वालपराइसो बंदरात पोहोचली. तेथील मेथॉडिस्ट पाळक विलिस हूवर यांची पत्नी मे हूवर ही शिकागोच्या मिशनरी प्रशिक्षण शाळेत एब्रम्सची सहाध्यायी होती. एका जुन्या मैत्रिणीने दुसरीला पाठवलेले पुस्तक, एवढेच त्याचे स्वरूप होते. चळवळींचा इतिहास लिहिताना आपण मोठ्या सभा आणि मोठी माणसे शोधतो. टपालाकडे आपले लक्ष कमी जाते.

हूवर मूळचे डॉक्टर. ते १८८९ साली चिलीच्या उत्तरेकडील इकिके या सोरा-व्यापाराच्या बंदरात आले आणि १९०२ मध्ये वालपराइसोच्या मंडळीचे पाळक झाले. ऑगस्ट १९०६ मधील प्रचंड भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त केले आणि मंडळीचे प्रार्थनामंदिरही गेले. पुढची दोनतीन वर्षे ही मंडळी घरोघरी जमत राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा : मंदिर नसताना एकत्र राहण्याची सवय तिला आधीच लागली होती. केडगावची पुस्तिका वाचून हूवर दांपत्याने अन्य देशांतील पेन्टेकॉस्टल लोकांशी पत्रव्यवहार सुरू केला, रात्रभराच्या प्रार्थनासभा होऊ लागल्या आणि १९०९ मध्ये वालपराइसोतही जागृती झाली.

फूट

सप्टेंबर १९०९ मध्ये या मंडळीतील नेली लेडलॉ ही स्त्री राजधानी सान्तियागो येथे गेली. रविवारी, १२ तारखेला, तेथील मेथॉडिस्ट चर्चमध्ये तिने बोलण्याची परवानगी मागितली; पाळकाने ती नाकारली. तिचे म्हणणे ऐकू इच्छिणारे लोक चर्चमधून बाहेर पडले. संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्ये तोच प्रसंग घडला, पोलिसांना बोलावण्यात आले आणि तिला ताब्यात घेण्यात आले. चिलीतील पेन्टेकॉस्टल लोक आपल्या इतिहासाची सुरुवात या दिवसापासून मोजतात. वादाच्या मुळाशी सिद्धांतभेद होताच. पण फूट प्रत्यक्षात पडली ती ‘एका सामान्य सभासदाने बोलावे की नाही’ या प्रश्नावर.

फेब्रुवारी १९१० मध्ये मेथॉडिस्टांच्या वार्षिक परिषदेत हूवर यांच्या शिकवणुकीवर आरोप ठेवले गेले. त्यांनी पुढे राजीनामा दिला आणि वालपराइसोच्या मंडळीतील बहुसंख्य लोक त्यांच्याबरोबर बाहेर पडले. भूकंपानंतर उभारलेली नवी वास्तू नुकतीच पूर्ण झाली होती. ती मागे राहिली. सान्तियागोचे गट आधीच वेगळे झाले होते. या सर्वांनी मिळून हूवर यांना प्रमुख नेमले आणि ‘मेथॉडिस्ट पेन्टेकॉस्टल’ हे नाव घेतले.

नावातील पहिला शब्द केवळ आठवणीपुरता नव्हता. मेथॉडिस्टांची धर्मसूत्रे, अधीक्षक आणि पुढे बिशप अशी उतरंड, सभासदांचे छोटे ‘वर्ग’ आणि बालकांचा बाप्तिस्मा हे सारे या मंडळीने जसेच्या तसे ठेवले. जगातील बहुतेक पेन्टेकॉस्टल चर्चेस बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून ही बाब अभ्यासकांना विशेष वाटते. अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अपरिहार्य खूण, असा आग्रहही येथे धरला गेला नाही. दर्शन, नृत्य, हसणे, रडणे यांनाही तेवढेच स्थान मिळाले. येथे अमेरिकेपेक्षा केडगावच्या अनुभवाची छाया अधिक दिसते, असे मला वाटते.

रस्त्यावरून व्यासपीठाकडे

आता संघटनेकडे वळू. मेथॉडिस्ट मिशनच्या मागे परदेशी निधी होता, शाळा होत्या, शिकलेले पाळक होते. नव्या मंडळीकडे यांतले काहीच नव्हते. पाळक नेमायचा तर त्याचा निर्वाह त्याच्या सभासदांच्या दशांशातून, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शातून, व्हायला हवा; आणि सभासद तर गोदी कामगार, मोलकरणी, चांभार, फेरीवाले. या अडचणीतून जी व्यवस्था तयार झाली, तिला आपण जिना म्हणू.

जिन्याची पहिली पायरी रस्त्यावर होती. नव्याने विश्वास धरलेला माणूस, त्याला अक्षरओळख असो वा नसो, रविवारी इतरांबरोबर चौकात उभा राहून आपली साक्ष देत असे. साक्ष हा भाषिक दृष्ट्या मोठा विलक्षण प्रकार आहे. तिची रचना ठरलेली असते : मी पूर्वी असा होतो, मग हे घडले, आता मी असा आहे. त्यामुळे ती नवख्यालाही पेलते. आशय मात्र प्रत्येकाचा स्वतःचा असतो, आणि त्याविषयी त्याच्यापेक्षा अधिक जाणणारा कोणी नसतो. दारू, मारझोड, आजार, बेकारी या गोष्टी ज्या भाषेत घडल्या त्याच भाषेत सांगितल्या जात. गिटार-मँडोलिनच्या साथीने गात, चौकाचौकांतून माणसे गोळा करत ही मिरवणूक चर्चपर्यंत जाई.

रस्त्यावर उभे राहणे म्हणजे टवाळी सोसणेही होते. हुआन कानूत दे बोन नावाचा एक स्पॅनिश गृहस्थ, पूर्वी येशूसंघाशी संबंधित, पुढे चिलीत मेथॉडिस्ट प्रचारक झाला आणि १८९६ साली वारला. त्याच्या नावावरून चिलीतील लोक प्रत्येक प्रोटेस्टंटाला ‘कानूतो’ म्हणून हिणवू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम आणि सामान्यनामाची शिवी, असा हा प्रवास आहे. पुढे पेन्टेकॉस्टल लोक स्वतःच हा शब्द काहीशा अभिमानाने वापरू लागले. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात हे उदाहरण अवश्य नोंदवून ठेवा.

साक्ष देणारा टिकला, त्याने दारू सोडली, घर सावरले, की त्याला रविवारच्या शाळेत शिकवण्याचे किंवा एखाद्या वर्गाची देखरेख करण्याचे काम मिळे. पुढे तो उपदेशक होई. त्यानंतर त्याच्याकडे एक ‘लोकाल’ सोपवले जाई, म्हणजे वस्तीतील कोणाच्या तरी घरची प्रार्थनेची खोली. ही खोली भरू लागली, तिथले लोक त्याचा निर्वाह करू शकतील एवढे झाले, की तो पाळकपदाला पात्र ठरे आणि लोकालचे स्वतंत्र चर्च होई. मूळ चर्च अशा अनेक लोकालांची आई म्हणून राही. पाळक होण्यासाठी धर्मशास्त्राचे महाविद्यालय लागत नव्हते. परीक्षा वस्तीच घेत असे.

क्षणभर थांबून आपल्या परिसरातील एखादी संस्था, संघटना किंवा मंडळ डोळ्यांसमोर आणा. तेथे जाहीरपणे बोलण्याची पहिली संधी कोणाला आणि कशाच्या आधारावर मिळते, ते दोन-तीन वाक्यांत लिहा. पुढील भाग वाचताना हे टिपण जवळ ठेवा.

एकच खुर्ची

पहिल्या महायुद्धानंतर कृत्रिम सोऱ्यामुळे चिलीचा मुख्य निर्यात-व्यवसाय कोसळू लागला आणि १९२९ नंतरच्या मंदीने उरलीसुरली कसर भरून काढली. उत्तरेतील खाणकामगार आणि जमीनदारीतील कुळे शहरांच्या कडेला येऊन राहिली. परक्या शहरात कोणी ‘एरमानो’, म्हणजे भाऊ, म्हणून हाक मारतो, आजारात घरी येतो, कामाची ओळख करून देतो. मंडळीच्या वाढीमागे या गोष्टींचा मोठा वाटा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी चिलीत प्रोटेस्टंट लोक जेमतेम एक-दीड टक्का होते. २००२ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य पेन्टेकॉस्टल होते.

जिन्याला मात्र एक मर्यादा होती. खालच्या पायऱ्या कितीही असोत, वर खुर्ची एकच. स्वतःच्या कष्टाने मंडळी उभी केलेल्या माणसाला वरच्याची आज्ञा जाचू लागली, की तो आपल्या लोकांसह वेगळा होई. १९३२-३३ मध्ये खुद्द हूवर आणि सान्तियागोचे प्रभावी पाळक मान्वेल उमान्या यांच्यात फूट पडली. दोन्ही बाजूंनी आरोप झाले. विदेशी नेतृत्व की देशी, हाही मुद्दा त्यात होता. जुने नाव उमान्यांच्या गटाकडे राहिले. हूवर यांनी नव्या नावाने इव्हँजेलिकल पेन्टेकॉस्टल चर्च चालवले आणि ते १९३६ मध्ये वारले. संस्थापकाला अशा रीतीने दुसऱ्यांदा बाहेर पडावे लागले. यानंतरही फुटी पडत गेल्या, पण एकूण संख्या घटली नाही. वेगळा झालेला प्रत्येक गट नव्या वस्त्यांत नवा जिना लावत होता. अशाच फुटींतून निघालेल्या दोन मंडळ्या १९६१ साली नवी दिल्ली येथील अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या सभासद झाल्या. त्या परिषदेत येणाऱ्या त्या पहिल्याच पेन्टेकॉस्टल मंडळ्या.

या संघटनेचा अर्थ कसा लावायचा, यावर समाजशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एमिलिओ विलेम्स यांना (१९६७) तीत सामान्य माणसाला जबाबदारी आणि समानता शिकवणारी शाळा दिसली. स्विस अभ्यासक क्रिस्तियाँ लालिव्ह देपिने यांना पुढच्याच वर्षी तीत जुनी जमीनदारी दिसली : पाळक हा नवा मालक, सभासद ही आश्रित कुळे, आणि राजकारणापासून दूर राहण्याची शिकवण. माझ्या मते दोघांनीही खरेच पाहिले. एकाने जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाहिल्या, दुसऱ्याने वरच्या. डिसेंबर १९७४ मध्ये सान्तियागोतील होताबेचे येथे मेथॉडिस्ट पेन्टेकॉस्टल चर्चच्या भव्य मंदिराचे उद्घाटन लष्करी हुकूमशहा पिनोचे यांच्या उपस्थितीत झाले आणि १९७५ पासून तेथे राष्ट्रासाठी वार्षिक उपकारस्तुती होऊ लागली. राजकारणापासून दूर राहणारी मंडळी सत्तेच्या इतकी जवळ कशी गेली, हे लालिव्ह यांच्या मांडणीवरून बरेचसे कळते. पण त्याच काळात काही पेन्टेकॉस्टल मंडळ्या राजवटीच्या विरोधात उभ्या राहिल्या, हे त्या मांडणीत बसत नाही.

स्त्रियांचा मुद्दा या दोन्ही अभ्यासकांपेक्षा वेगळ्या दिशेने पाहावा लागतो. सभासदांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. आजाऱ्यांच्या भेटी, घरच्या प्रार्थनासभा, निधी-संकलन ही कामे त्यांच्या मंडळांनी सांभाळली. फुटून निघालेल्या काही छोट्या मंडळ्यांनी पुढे स्त्री-पाळकही नेमल्या. मेथॉडिस्ट पेन्टेकॉस्टल चर्चमध्ये मात्र जिना स्त्रियांसाठी पहिल्या एक-दोन पायऱ्यांपाशीच थांबला. त्या चौकात साक्ष देत, गात, भविष्यवाणी करत. पण व्यासपीठावरून उपदेश करण्याची त्यांना मुभा नव्हती. नेली लेडलॉला १२ सप्टेंबर १९०९ रोजी बोलू दिले नाही म्हणून जी मंडळी बाहेर पडली, तिच्या व्यासपीठावर लेडलॉला पुढेही जागा मिळाली नसती.