अकोल्याचे नाना आणि ड्यूसलडॉर्फचा उन्हाळा

मंडळाच्या जुलैतल्या ग्रिल पार्टीत एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येते. सकाळीच रेडिओवर उष्णतेचा इशारा दिलेला असतो, जर्मन शेजारी घाम पुसत असतात, आणि आपल्यातले कोणीतरी म्हणते, "पस्तीसला काय घाबरायचे? आम्ही विदर्भातले!" मीही हे वाक्य अनेकदा ऐकवले आहे. 2019 च्या जुलैपासून मात्र बंद केले. मी डॉक्टर नाही, पण त्या आठवड्यात जे अनुभवले आणि नंतर आमच्या हाउसआर्ट्झबाईंना विचारून विचारून जे समजून घेतले, ते आपल्याकडे आईवडील येण्याआधी आपण वाचलेले बरे, म्हणून हा लेख.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, तेव्हा 74 वर्षांचे होते. अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. आम्ही ड्यूसलडॉर्फला अगदी छपराखालच्या मजल्यावर राहतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उकाडा वाढू लागला. नाना म्हणाले, "हा काय उन्हाळा!" दुसऱ्या दिवशी त्यांचे डोके दुखत होते, जेवण जाईना, चिडचिड होत होती. आम्ही समजलो, घरची आठवण येत असेल. 25 जुलैला, ज्या दिवशी आमच्या जवळच्याच टोनिसफोर्स्ट आणि ड्युइसबुर्ग-बेर्ल येथे 41.2 डिग्री तापमान नोंदले गेले आणि तो जर्मनीचा उच्चांक ठरला, त्या संध्याकाळी नाना सोफ्यावरून उठले आणि धडपडले. सौ. ने हात धरला तर तिला त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. त्या दिवशी सकाळपासून ते लघवीलाच गेले नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. 112 ला फोन केला. इस्पितळात सलाइन लावले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नाना वर्तमानपत्र मागू लागले तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, दिवसभरात किती पाणी प्यायले? आम्ही हिशेब केला. दोन वेळचा चहा, जेवताना एक पेला पाणी. अर्धा लिटरही धड नाही. ज्यांच्या घरी पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे केला जातो, तो माणूस तहानलेला का राहिला? कारणे ऐकून हसावे की रडावे कळेना. घरात मी घाईत आणलेल्या पाण्याच्या बाटल्या गॅसवाल्या निघाल्या होत्या. नानांना तो सोडा वाटला, घशाला टोचला, पोट फुगले. नळाचे पाणी पिण्याचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. (येथील नळाच्या पाण्यावर कायद्याने कडक तपासणी असते आणि ते निःशंक प्यावे. पण आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की सांगायचे सुचत नाही.) बाहेर गेले की पाणी पिणे ते टाळत, कारण शौचालय सापडेल की नाही याची धास्ती, आणि सापडले तर पैसे मोजा. एका लघवीला रुपयांत किती पडतात याचा हिशेब ते मनात करत होते!

शिवाय वयाचा भाग आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होते. शरीराला पाणी हवे असते, पण निरोप पोचत नाही. त्यात नाना रक्तदाबासाठी जी गोळी घेत, ती लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी होती. एरवी उत्तम औषध, पण तीन दिवस पाणी कमी पडले की तेच औषध तोट्याला आणखी मोठे करते. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण उन्हाळ्यात येणाऱ्या आईवडिलांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे की फार उकाड्यात मात्रा बदलायची का. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना काही वेळा पाणी मोजूनच प्यायचे असते. त्यांनी खालचे काही करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता "आम्ही विदर्भातले" याविषयी. शरीर उष्णतेला सरावते हे खरे आहे. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाते. पण हा सराव ऊन सरल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. येथे वीस वर्षे राहिलेल्या माझ्यासारख्याच्या अंगात अकोला काही शिल्लक नाही. आणि खरे सांगायचे तर अकोल्यात नानांना सांभाळत होते ते केवळ त्यांचे शरीर नव्हे. मे महिन्यात ते बारा ते पाच घराबाहेर पडत नसत. खिडकीत वाळ्याचा कूलर, कोपऱ्यात माठ, जेवताना ताक, दुपारी पन्हे, बाहेर पडलेच तर डोक्याला उपरणे. यातले एकही विमानात बसून आले नाही. आला तो फक्त "मला ऊन सोसते" हा विश्वास.

तिकडेही हा विश्वास दगा देतोच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारपर्यंत चालला आणि उष्माघाताने 14 जण दगावले. पारा चाळिशीच्या खालीच होता. पण किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. जर्मनीत रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार 2018 च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे सुमारे 8,700 मृत्यू झाले, त्यांत बहुतेक वृद्ध होते.

येथील घरे थंडीसाठी बांधलेली, ऊब धरून ठेवणारी. नाना भर दुपारी वारा यावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडत, आणि बाहेरची भट्टी आत येई. येथे उलटे करायचे. पहाटे आणि रात्री उघडायच्या, दिवसा बंद करून रोलाडेन खाली ओढायचे.

ओळखायचे कसे? लघवी गडद पिवळी आणि कमी, जीभ कोरडी, उभे राहताना चक्कर, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, विनाकारण चिडचिड किंवा सुस्ती. हाताची कातडी चिमटीत धरून पाहण्याची आपली जुनी पद्धत म्हाताऱ्यांत फारशी उपयोगी नाही, कारण त्यांची कातडी सैलच असते. तान्ह्या मुलांत ओले लंगोट कमी होणे, रडताना अश्रू न येणे, टाळू खोल जाणे ही लक्षणे. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतके तापले तर वाट पाहू नये, 112 फिरवावा, आणि तोवर माणसाला सावलीत नेऊन ओल्या कापडांनी गार करावे, वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जिवावरचे नाही, अशा वेळी 116117 आहे.

प्यायचे काय? एरवी मोठ्या माणसाला दिवसाला दीड लिटर, उकाड्यात त्याहून जास्त, आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे. भरपूर घाम गेला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही जाते. आपले जिरे-मीठ घातलेले ताक येथे सहज होते, नाहीतर तुर्की दुकानातले आयरान आहेच. जुलाब-उलट्या असतील तर आपोटेकेमधून क्षार-साखरेची पुडी आणावी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि मीठ अंदाजाने नाही. साखर चवीसाठी नसते, ती आतड्यातून मिठाला आणि त्याबरोबर पाण्याला आत ओढून नेते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पाजूनच पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र वरचे पाणी नको, अंगावरचे दूध वारंवार द्यावे.

आता पैशांचे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो, म्हणून आम्ही सर्वांत स्वस्त घेतला. नानांचे बिल आल्यावर कंपनीने लिहिले की रक्तदाब आधीपासून होता. तीन महिने पत्रे लिहिली तेव्हा निम्मे मिळाले. पॉलिसी घेताना जुन्या आजारांविषयीचे कलम आधी वाचा. आणि औषधांची यादी करताना गोळीचे भारतातले ब्रँडनाव लिहू नका, ते येथे कोणाला कळत नाही. आतल्या मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम, रोमन लिपीत, एका कागदावर. आमचा कागद आता फ्रिजच्या दारावर असतो, आणि फ्रिजशेजारी नानांसाठी नळाच्या पाण्याचा तांब्या.