जर्सीवरची वाडी

भातकापणी उरकली की हातखंबा, पाली, निवळी या पट्ट्यात रिकाम्या मळ्यांवर खेळपट्ट्या तयार होतात. टेनिस चेंडूचं क्रिकेट, रात्री दिव्यांखाली कबड्डी, कर्ण्यावरून चाललेलं समालोचन. संघाच्या नावात ग्रामदेवता येते, नाहीतर वाडी येते. आणि रत्नागिरी जिल्ह्यात वाडीचं नाव म्हणजे बरेचदा जातच: तेलीवाडी, गुरववाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी. चाकरमान्यांनी मुंबईत वर्गणी काढून पाठवलेल्या जर्सीच्या पाठीवर तेच छापलेलं असतं आणि समालोचकाच्या तोंडून दिवसभर तेच ऐकू येतं. फारसं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं. तरीही ही सगळी नावं सरसकट पुसून टाकावीत, असं मी म्हणणार नाही.

अमेरिकेत संघांच्या नावांचा आणि शुभंकरांचा वाद अनेक दशकं चालला. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने 1933 पासून मूलनिवासींच्या कातडीच्या रंगावरून दिलेली शिवीच नाव म्हणून मिरवली. मूलनिवासी संघटना निदर्शनं करत राहिल्या, कोर्टात गेल्या, मालक बधले नाहीत. 2020 साली पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाल्यानंतर मोठ्या प्रायोजकांनी दबाव आणला, तेव्हा कुठे ते नाव गेलं. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाने लालभडक चेहऱ्याचं, दात विचकून हसणारं 'चीफ वाहू' हे चित्र 2019 च्या हंगामापासून गणवेशावरून उतरवलं आणि पुढे 'इंडियन्स' हे नावही सोडलं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ मात्र आजही 'सेमिनोल' आहे. 2005 मध्ये विद्यापीठीय क्रीडा संघटनेने अशा नावांवर निर्बंध आणले, तेव्हा फ्लोरिडाची सेमिनोल जमात विद्यापीठाच्या पाठीशी उभी राहिली आणि तिच्या संमतीमुळे नाव टिकलं. ज्यांचं नाव, त्यांचा शब्द शेवटचा. या सगळ्या वादातून मला घ्यावीशी वाटते ती एवढीच गोष्ट.

आपल्याकडे शुभंकराचा प्रश्न आलाच नाही, कारण आपण संघच जातधर्मावर उभे केले. मुंबईत 1892 पासून पारशी विरुद्ध युरोपियन हे सामने नियमाने होऊ लागले. 1907 मध्ये हिंदू आले, 1912 मध्ये मुस्लिम, आणि 1937 मध्ये 'रेस्ट', म्हणजे या चारांत न बसणारे सगळे. 'हिंदू' संघाची शान होते डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू, जन्माने चर्मकार. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे सवर्ण सहकारी चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांना वगळलं आणि भाऊ विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. 1923 मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाले. छातीवरचं नाव सगळ्यांना एक म्हणत होतं आणि चहाचं भांडं वेगळं होतं. नावाच्या वादात हे भांडं विसरून चालणार नाही.

सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'मध्ये. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. असा फलंदाज 'उरलेल्यां'च्या रांगेत उभा होता! गांधीजींनी डिसेंबर 1940 मध्ये या धर्मवार क्रिकेटला विरोध केला. 1946 मध्ये स्पर्धा बंद झाली.

ती पद्धत मात्र संपली नाही. कोकणात आणि मुंबईच्या उपनगरांत आज अमुक समाजाची प्रीमियर लीग, तमुक ज्ञातीचा चषक अशा स्पर्धा भरतात आणि खेळाडू त्याच समाजाचा असावा, अशी अट असते. यामुळे गावाकडच्या पोरांना व्यासपीठ मिळतं, समाज एकत्र येतो, असं आयोजक सांगतात. त्यात तथ्य आहे. पण शेजारच्या वाडीतला उत्तम चढाईपटू केवळ जन्मामुळे बाहेर राहतो, ही अट मला कुठल्याही नावापेक्षा जास्त खुपते.

राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यावीत, असा हेतू. निर्णय योग्यच होता. त्या यादीत बौद्धवाडाही होता, आणि तिथे मी थबकतो. महारवाडा हे नाव गावाने लादलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर कोकणातल्या वस्त्यांनी लादलेलं नाव टाकून बौद्धवाडी हे नाव स्वतः स्वीकारलं. एक नाव अपमानाचं, दुसरं त्यावर मात केल्याचं. दोन्ही एकाच रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. वाडीतल्या पोरांना जर्सीवर 'बौद्धवाडी' हवं असेल तर ते राहावं, नको असेल तर जावं. ग्रामसभेत हा विषय येईल तेव्हा आधी त्या वाडीला बोलू द्यावं, तिचं म्हणणं ठरावात लिहावं आणि बाकी गावाने मग मत द्यावं.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांच्या हातात तर याहून सोपं काम आहे. यंदाचं नियमपत्रक छापताना प्रवेश फीच्या खाली एक ओळ घालावी: प्रत्येक संघात इतर वाड्यांतले निदान दोन खेळाडू हवेत.