दीपनगरची राख आणि नदीची वाळू

भुसावळजवळील दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1968 साली सुरू झाला. पुढे प्रत्येकी 500 मेगावॉट क्षमतेचे दोन संच उभे राहिले. वीज वाढली, तशी राखही वाढली. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. शंभर टन कोळसा जळाला की सुमारे तीस ते चाळीस टन राख मागे उरते. पाण्यात कालवून ती वेल्हाळे येथील तलावात सोडली जाते. एकीकडे राखेचे हे डोंगर, तर दुसरीकडे बांधकामासाठी उपसली जाणारी तापी, वाघूर व गिरणेची वाळू. वाळू गेली की नदीपात्राची पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते आणि काठच्या विहिरींना त्याची झळ पोहोचते. म्हणूनच राखेचा वाळूऐवजी वापर हा विचार महत्त्वाचा ठरतो.

हा विचार नवा नव्हे. मसाला व काँक्रीट यांत बारीक वाळूच्या जागी राख वापरण्यासंबंधीचे भारतीय मानक 1966 सालीच प्रसिद्ध झाले होते. मात्र सर्व राख सारखी नसते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. धुराबरोबर उडणारी व यंत्राने अडविली जाणारी राख पिठासारखी बारीक असते. चुना व पाणी यांच्या सान्निध्यात ती हळूहळू घट्ट होते. यास्तव ती केवळ वाळूची नव्हे, तर काही अंशी सिमेंटचीही जागा घेते. भट्टीच्या तळाशी साचणारी राख वाळूसारखी भरड, परंतु सच्छिद्र असते. ती पाणी अधिक शोषते. त्यामुळे 2016 च्या भारतीय मानकाने तळराखेला पायाखालच्या कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्येच मर्यादित प्रमाणात मुभा दिली आहे. सळ्यांच्या काँक्रीटमध्ये नाही.

ग्रामपंचायतींना सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे राखेची वीट होय. राख, चुना किंवा सिमेंट आणि दगडाची चुरी यांच्या मिश्रणातून ती दाबून तयार होते. तिला भट्टी लागत नाही, शेतातील मातीही लागत नाही. मात्र पुरेसे दिवस पाणी मारणे अत्यावश्यक असते. घाईने वापरलेली वीट भिंतीला तडे देते आणि दोष मात्र राखेच्या माथी येतो.

केंद्र शासनाने 14 सप्टेंबर 1999 रोजी राखेच्या वापरासंबंधी अधिसूचना काढली. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर वीज केंद्रांवर संपूर्ण राखेच्या विनियोगाची जबाबदारी टाकली आहे. परंतु नियमाला मागणीची जोड हवी. शाळाखोली, अंगणवाडी वा कुंपणभिंत यांचे अंदाजपत्रक करतानाच राखेच्या विटांचा समावेश करावा. वीट घेताना तिची दाबशक्ती व पाणी शोषण्याचे प्रमाण यांचा चाचणी अहवाल मागावा. वाहतुकीत राख झाकलेली व ओली असावी, हेही पाहावे.

एका गावाच्या चार भिंतींनी वेल्हाळ्याचा तलाव रिता होणार नाही. तथापि अशा प्रत्येक भिंतीमागे नदीतील काही ब्रास वाळू जागच्या जागी राहील, आणि तिच्या आधाराने विहिरीतील पाणीही.