दीडशे रुपये एक वार...

गेल्या दिवाळीत नगरला घरी गेले तेव्हा आईने माळा आवरायला काढला होता. दोन पितळी पातेली, एक चेपलेला तांब्याचा हंडा आणि आजीची काशाची वाटी. तळपायांना तूप लावून जिने घासायचे, तीच वाटी. सगळं मोडीत देऊन आईला स्टीलचा डब्यांचा सेट हवा होता. भांड्यांच्या दुकानात सगळं एकत्र काट्यावर गेलं, भाव ठरला, मीही पिशवी धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे विजापूरचा शेरझा बुरूज. फेब्रुवारीत ऑफिसच्या ग्रुपबरोबर वीकएण्डला गेले होते. गोल घुमटात ओरडून झालं, फोटो झाले आणि मग पश्चिम तटावर 'मुलूख-ए-मैदान' समोर आली. साधारण साडेचार मीटर लांब, वजन पंचावन्न टन सांगतात. तोंडाचा आकार सिंहासारख्या जनावराचा आणि त्याच्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. माझ्या ग्रुपचं सेल्फी सेशन चालू असताना मी माहिती वाचत होते. ओतलेलं ठिकाण, अहमदनगर. साल १५४९. राजा बुर्‍हाण निजामशाह. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी.

आमच्या नगरची! शाळेत भुईकोट किल्ल्याची सहल दर वर्षी झाली, नेहरूंची खोली पाठ झाली, पण ही गोष्ट कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

तोफ नगरहून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीची लूट म्हणून विजापूरला आली. हत्ती, शेकडो बैल आणि माणसं लावून. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर तिच्यावर स्वतःचा लेखही कोरून घेतला. म्हणजे ज्याच्या हाती पडली त्याला ती मिरवायचीच होती.

आणि मग इंग्रज आले. इथे गोष्ट खरी रंगते.

१८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं आणि विजापूरचा कारभार सातारच्या कमिशनरकडे गेला. १८५४ मध्ये त्यांच्याकडून हुकूम निघाला, की पडून असलेलं निरुपयोगी सामान विकून टाका. त्या यादीत मुलूख-ए-मैदानही आली. रीतसर लिलाव झाला. सर्वात मोठी बोली किती लागली असेल? दीडशे रुपये.

मी हिशेब केला. तेव्हाच्या रुपयाच्या १९२ पै, म्हणजे दीडशे रुपयांच्या २८,८०० पै. एका पैला जवळजवळ दोन किलो धातू! अर्थात बोली लावणार्‍याचंही चुकलं म्हणता येत नाही. पंचावन्न टनांचं धूड फोडायचं कसं आणि न्यायचं कुठे? त्याने भंगाराचा भाव लावला आणि त्यातून हमाली वजा केली.

लिलाव मोडला तो मामलेदारामुळे. दीडशे ही रक्कम कमी आहे आणि लोकांना या तोफेबद्दल मोठा आदर आहे, हे पाहून त्याने बोली मुकाट मंजूर न करता वरच्या साहेबाला कळवलं. विक्री रद्द झाली. ना मोर्चा, ना आंदोलन. एका सरकारी नोकराने एक कागद पुढे सरकवण्याआधी थांबवला, बस्स.

तसा प्रसंग आपल्याकडे अजून येतो, फक्त आकडे बदललेत. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये नागपूरकर रघुजी भोसले पहिले यांची तलवार लिलावाला आली. युरोपात बनलेलं पातं आणि त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत नाव. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती मिळवली, खर्च ४७ लाख १५ हजार रुपये, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात पिप्रहवाच्या बौद्ध अवशेषांबरोबरची रत्नं हाँगकाँगला विकली जाणार होती. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलैत गोदरेज समूहाने ती खरेदी करून भारतात आणली. आपलीच वस्तू विकत घ्यायची, हे मला अजून खटकतं. पण हातोडा पडल्यावर हळहळण्यापेक्षा बरं.

आता तुमच्या माळ्यावर काही असेल तर? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात विकता येतं. मात्र अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू यांचे लिलाव होतात. तिथे बोलीवर कमिशन आणि कर वेगळे, हे बजेटात धरा. आणि सगळ्यात मोलाचा असतो वस्तूचा पूर्वेतिहास. कुणाची होती, कुणाकडून आली. आजोबांच्या चिठ्ठ्या, जुने फोटो, पावत्या फेकू नका. कागद नसेल तर तलवारसुद्धा नुसतं लोखंड.

परत येताना बसमध्ये वाचत होते. मुलूख-ए-मैदानच्या धातूत साधारण ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील आहे. काशाच्या वाटीचंही मिश्रण जवळपास हेच. म्हणूनच तोफ ठोकली की घंटेसारखी वाजते म्हणतात. आजीची वाटीसुद्धा वाजायची.

आईला फोन केला. म्हटलं, त्या दुकानात विचारून बघ ना, वाटी असली तर परत घेऊ. ती म्हणाली, "अगं, मोड महिन्याभरात वितळायला जाते. आणि तेव्हा तूच तर पिशवी धरून उभी होतीस."