न काढलेला सिनेमा

कुणीतरी ऑनलाइन बूट मागवले. ते नकली निघाले, यात नवल काही नाही. नवल होतं लेबलात. कंपनीचं नाव असायला हवं त्या जागी चक्क एका सिनेमाची जाहिरात होती: आजवरचा सर्वांत थोर माफियापट, मार्टिन स्कोर्सेसी यांची प्रस्तुती, ‘गोंचारोव्ह’. २०२०मध्ये या लेबलचा फोटो टम्बलर या समाजमाध्यमावर आला. हे काय प्रकरण आहे, असा साधा प्रश्न होता. त्यावर कुणीतरी ठोकून दिलं, की या येड्याने गोंचारोव्ह पाहिलेला दिसत नाही!

पाहणार कुठून? असा सिनेमा स्कोर्सेसींनी काढलेलाच नाही.

लेबलचं कोडं बहुधा असं सुटतं. मत्तेओ गारोने यांचा ‘गोमोरा’ नावाचा इटालियन सिनेमा २००८मध्ये आला. विषय नेपल्समधल्या गुन्हेगारी टोळ्यांचा, निर्माता दोमेनिको प्रोकाच्ची, आणि अमेरिकेत तो स्कोर्सेसींच्या नावाने सादर झाला होता. लेबलवर प्रोकाच्चींचं नाव अचूक आहे. दिग्दर्शकाचं मात्र ‘मत्तेओ’पर्यंतच शाबूत, पुढे नुसती अक्षरं आणि आकडे. पोस्टरवरचा मजकूर नकला होत होत बुटापर्यंत पोचला असावा आणि वाटेत गोमोराचा गोंचारोव्ह झाला असावा.

दोन वर्षं तो शेरा तसाच फिरत राहिला. मग नोव्हेंबर २०२२मध्ये प्रागच्या एका चित्रकाराने या नसलेल्या सिनेमाचं पोस्टर काढलं. साल टाकलं १९७३. रॉबर्ट डी नीरो, अल पचिनो, हार्वे कायटेल, जीन हॅकमन, सिबिल शेपर्ड अशी भरभक्कम नावं. साल तर असं नेमकं, की त्याच वर्षी स्कोर्सेसींचा ‘मीन स्ट्रीट्स’ खरोखर आला होता, आणि त्यात डी नीरो आणि कायटेल दोघेही होते. थाप मारावी तर अशी.

त्यानंतरच्या आठवड्यात जे झालं ते वाचताना मी अक्षरशः थक्क झालो. हजारो अनोळखी माणसं हा सिनेमा आठवू लागली. गोंचारोव्ह हा नेपल्सला आलेला रशियन गुंड, कात्या त्याची बायको, आंद्रेय त्याचा मित्र की वैरी की आणखी काही, यावर वाद रंगले. सिनेमाभर दिसणाऱ्या घड्याळांचा अर्थ काय, यावर गंभीर निबंध आले. कुणी सिनेमाचं संगीत रचलं, कुणी त्यातल्या ‘गाजलेल्या’ प्रसंगांची चित्रं काढली. चाहत्यांच्या गोष्टी जमवणाऱ्या संकेतस्थळावर शेकडो कथा येऊन पडल्या.

लक्षात घ्या, सिनेमाची पटकथा लिहायला कुणी बसलं नव्हतं. लोकांनी लिहिली ती सिनेमावरची चर्चा. समीक्षा, भांडणं, ‘शेवट मला पटला नाही’ अशा तक्रारी. सिनेमाची सावली आधी पडली आणि सावलीच्या आकारावरून मध्ये उभ्या असलेल्या वस्तूचा अंदाज येऊ लागला. खरं सांगायचं तर अनेक खऱ्या सिनेमांबद्दलही आपण असंच बोलतो, न पाहता. ‘गोंचारोव्ह’ने ती सवय कबूल केली, एवढंच.

याला टम्बलरची घडणही कारण आहे. तिथे दुसऱ्याची नोंद आपल्या पानावर घेताना खाली आपली भर घालता येते, आणि ती भर पुढे जाणाऱ्या प्रतीला चिकटून राहते. विनोद एका माणसाचा राहत नाही, त्याची साखळी होते. तमाशातली बतावणी पाहिलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल: समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, उचलायचा आणि पुढे न्यायचा. इथे नियम एकच होता, ‘असा सिनेमाच नाही’ असं म्हणायचं नाही. एकाने घड्याळ आणलं, की दुसऱ्याने ते नाकारायचं नाही, त्याला किल्ली द्यायची. ना संपादक, ना दिग्दर्शक, तरी आठवडाभरात पात्रांचे स्वभाव ठरले, नाती ठरली. कुणाची कल्पना टिकायची, हे ती पुढे किती जणांनी उचलली यावर ठरत होतं. लोककथा अशीच घडत आली आहे, फक्त तिला शतकं लागायची.

नामवंतांनाही मोह आवरला नाही. ‘वंडर वुमन’ मालिकेतल्या लिंडा कार्टर यांनी हेन्री विंकलर यांच्यासोबतचा आपला एक जुना फोटो टाकला आणि तो ‘गोंचारोव्ह’च्या प्रीमियरचा असल्याचं सांगून मोकळ्या झाल्या. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी केली.

शेवटी स्कोर्सेसींच्या मुलीने, फ्रान्चेस्काने, वडिलांनाच मेसेज करून विचारलं, हे पाहिलंत का? ऐंशीला टेकलेल्या त्या दिग्दर्शकाचं उत्तर तिने सगळ्यांना दाखवलं. पाहिलं, ते म्हणाले, आणि तो सिनेमा मी फार वर्षांपूर्वी काढला होता.