सशाची मादी नराकडे कधी सोडायची?

मागच्या व्याख्यानात आपण पिंजरे, पाण्याची सोय आणि चारा एवढं बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "मादी पाच महिन्यांची झाली, आता नराकडे सोडू का?" आज त्याच्यावरच बोलू. उत्तर आधीच सांगून ठेवतो. वय विचारू नका, वजन करा. पण एवढ्यावर भागत नाही, कारण घाई होते ती माहिती नसते म्हणून नव्हे. ती होते खर्च सुरू झालेला असतो म्हणून.

आपल्याकडे पुष्कळ जण सात माद्या आणि तीन नर असा दहा सशांचा युनिट विकत घेतात. विकणारा पिल्लं देताना उत्पन्नाचं गणित महिन्यांत मांडून देतो. अमुक महिन्यात मादी भरवा, तमुक महिन्यात विक्री. खुराकाचं पोतं दर पंधरवड्याला संपतं, घरातले विचारायला लागतात, आणि मग दोन किलोची मादी नराच्या पिंजऱ्यात जाते. ती नराला घेतेही. म्हणजे तयार झाली, असं आपण धरतो. चूक नेमकी इथेच होते.

सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज नसतो. गाय २१ दिवसांनी माजावर येते, तिचं बीज आपल्या वेळेने सुटतं. सशाचं उलटं आहे. इथे आधी नराशी मिलन होतं आणि त्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी बीज सुटतं. त्यामुळे "माजावर आली का?" हा गाईला लावायचा प्रश्न सशाला जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय कोवळी मादी अडीच-तीन महिन्यांची असतानाही नराला घेऊ शकते, पण त्या वयात बहुतेक वेळा बीजच सुटत नाही. मिलन झालं, गाभण काही राहिली नाही. म्हणजे नराला घेणं ही तयारीची खूण नाही. अधूनमधून एखादी राहतेही, आणि ती बिचारी जास्त संकटात सापडते. म्हणून तीन महिन्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या करायच्या, हे पुन्हा एकदा सांगतो.

आता वजन का? संकरित कालवड साधारण २५० किलोची झाल्याशिवाय भरवायची नाही, हे आपल्याकडच्या दूधवाल्यांना पाठ असतं. तिथे कोणी नुसतं वय विचारत नाही. सशातही तोच नियम आहे, फक्त काटा लहान. मादी तिच्या जातीच्या प्रौढ वजनाच्या ७५ ते ८० टक्के झाली की ती पोटात पिल्लं वाढवायला आणि नंतर त्यांना दूध द्यायला तयार समजायची. त्याच्या आत तिचं स्वतःचंच अंग भरायचं राहिलेलं असतं. खाल्लेलं तिच्या हाडामासाला जाणार की पोटातल्या पिल्लांना, अशी ओढाताण होते. मग पिल्लं कमी होतात किंवा बारीक होतात, दूध पुरत नाही, आणि मादी अशी खंगते की पुढच्या वेळी लवकर गाभण राहत नाही.

प्रौढ वजन कोणतं धरायचं? इथे जरा थांबू, कारण इथेच गोंधळ होतो. न्यूझीलंड व्हाइट ही आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी जात. तिच्या परदेशी मानकात प्रौढ मादी साडेचार ते जवळपास साडेपाच किलोची धरलेली आहे. आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर बहुतेक माद्या तिथवर जात नाहीत. साडेतीन-चार किलोला थांबतात. पुस्तकातला आकडा धरून बसलात तर मादी कधीच "तयार" होणार नाही. म्हणून तुमच्याच गोठ्यातल्या किंवा जिथून पिल्लं आणली तिथल्या, दोन-तीन वेतं झालेल्या, सध्या गाभण नसलेल्या चार माद्या काट्यावर घ्या आणि सरासरी काढा. ती साडेतीन किलो आली, तर २.६ ते २.८ किलो ही तुमची रेषा. चार किलो आली तर ३ ते ३.२. विकणाऱ्याने मोठ्या माद्या दाखवायलाच नकार दिला, तर तिथून पिल्लं घ्यायची की नाही याचा विचार करा. आमचं मत विचाराल तर घेऊ नका.

मध्यम जातीची चांगली पोसलेली मादी या रेषेला साधारण पाच-सहा महिन्यांत पोचते. लहान जाती आधी पोचतात, ग्रे जायंटसारख्या मोठ्या अंगाच्या जातींना जास्त वेळ लागतो. म्हणजे महिन्याचा हिशोब अगदी खोटा नाही, पण तो वजनामागून येतो. दर पंधरा दिवसांनी वजन करून पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहा. भाजीचा डिजिटल काटा आणि एक टोपली एवढं पुरतं. सात महिने झाले तरी मादी रेषेच्या बरीच खाली असेल, तर तिला भरवण्याआधी कारण शोधा. खुराक कमी पडला का, जंत किंवा कॉक्सिडिया झालाय का, दात वेडेवाकडे वाढलेत का. दाताचा दोष पुष्कळदा पुढच्या पिढीत उतरतो, अशी मादी पैदाशीला ठेवू नये.

वजन भरलं तरी हात फिरवल्याशिवाय निर्णय नको. पाठीच्या कण्यावरून बोटं न्या. मणके टोचत असतील तर मादी वाळलेली आहे. अजिबात लागत नसतील तर चरबी चढलेली आहे, आणि अशी मादी उशिरा गाभण राहते किंवा राहतच नाही. मणके लागावेत, पण गोल लागावेत. मग पाय उलटे करून तळवे बघा, जाळीवर जखमा झाल्यात का. कानात खरजेचे पापुद्रे आहेत का. नाक वाहतंय का आणि पुढच्या पायांचे केस चिकटलेत का, कारण ससा नाक पायानेच पुसतो. आणि सड मोजा, आठ तरी असावेत. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी योनीचा रंग. सकाळी, उजेडात, रोज एकाच वेळी बघायचा. फिकट पांढरट आणि कोरडी असेल तर थांबा. लालसर, ओलसर आणि किंचित सुजलेली असेल तर ती नराला घेईल. जांभळट झाली असेल तर तो काळ सरत आलेला असतो. मादीला उचलून नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही. स्वतःच्या पिंजऱ्यात ती भांडते. तयार असेल तर ती मागचा भाग उचलते आणि मिलन काही क्षणांत होतं, नर एका बाजूला कोसळतो. कोपऱ्यात दबून बसली तर परत आणा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा न्या. पहिल्या वेळची मादी धरून ठेवून जबरदस्तीने भरवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. आम्हाला ती पटत नाही.

एक गोष्ट मात्र काटा सांगत नाही, आणि ती म्हणजे ऋतू. विदर्भ-मराठवाड्यात मादी एप्रिलमध्ये रेषेवर आली तर काय करायचं? सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कान आणि धापा टाकणं एवढंच त्याच्याकडे असतं. गाभणकाळ ३१ दिवसांचा. म्हणजे एप्रिलमध्ये भरवलेली मादी मे महिन्यात व्यायणार, पत्र्याखाली, पहिल्यांदाच. पत्र्याची शेड असेल तर आम्ही थांबा म्हणू. नराचंही बघा. कडक उन्हाने नराचं वीर्य खराब होतं आणि नवं, चांगलं वीर्य तयार व्हायला दीड-दोन महिने जातात. जूनमध्ये तीन माद्या रिकाम्या राहिल्या की दोष माद्यांना देतात, खरं तर तो बऱ्याचदा मे महिन्यातल्या नराचा असतो.

थांबायचं म्हटलं की सभागृहात चुळबुळ होते, ती आत्ताही दिसतेय. तर साधा हिशोब करू. समजा तुमची मादी २.२ किलोची आहे आणि रेषा २.७ ची. हे अर्धा किलो भरायला धरा तीन-चार आठवडे. न थांबता आज भरवली आणि वेत वाया गेलं, तर ३१ दिवस गाभणकाळाचे गेले, पिल्लं मरेपर्यंत पाजण्यात काही दिवस गेले, आणि खंगलेली मादी पुन्हा अंगावर यायला महिना तरी. तीन आठवडे वाचवायला गेलात आणि दोन-अडीच महिने घालवलेत. खुराकाचं पोतं त्या दोन महिन्यांतही लागतंच. सात माद्यांपैकी चार अशा झाल्या, तर पुष्कळांचा धंदा पहिल्या वर्षीच बंद पडतो.

मागून चिठ्ठी आली आहे: "वर्षाची झालेली मादी कधीच भरवली नाही, आता हाडं जुळली असतील, भरवू नये म्हणतात, खरं का?" ही गोष्ट गिनीपिगची आहे. त्यांच्यात पहिलं वेत उशिरा झालं तर कमरेचं हाड पसरत नाही आणि मादी अडते. सशाला तो नियम लावू नका. सशात उशिराची अडचण मुख्यतः चरबीची असते. कणा हाताला लागत नसेल तर खुराक कमी करा, सुका चारा वाढवा, महिनाभराने पुन्हा हात फिरवून बघा आणि मग नराकडे न्या.

आणखी एक. दहाही ससे एकाच वेताचे असतील तर वजन, रंग सगळं जमूनही भाऊ-बहिणीची जोडी लागते. तीनपैकी निदान दोन नर दुसऱ्या ठिकाणाहून आणा, किंवा ओळखीच्या पाळणाऱ्याशी बदलून घ्या, आणि पिंजऱ्यावरच्या पाटीवर वजनाशेजारी आई-बापाचा नंबरही लिहा. मिलनानंतर दहा ते चौदा दिवसांत पोट चाचपून मादी राहिली की नाही ते कळतं. ते हाताने दाखवावं लागतं, म्हणून पुढच्या वेळी मादी टेबलावर घेऊनच बोलू.