शिवनेरीच्या कड्यावरची बचत करणारी

मैत्रिणींनो, चाकण-भोसरीकडून शिवनेरीला सहल निघाली की आपण नारायणगावहून जुन्नर गाठतो, पायऱ्या चढतो, शिवाई देवीला हात जोडतो, शिवजन्मस्थान बघतो आणि परत फिरतो. त्याच गडाच्या कड्याला एक बुटकी वनस्पती धरून बसलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिचं नाव शिंदळ माकुडी. नाव ऐकून हसू नका! हल्ली तिला शिवसुमन असंही म्हणतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ती रानात कुठेच उगवत नाही.

दिसते कशी?

खोड करंगळीएवढं जाड, मांसल आणि रसदार. निवडुंगाची आठवण येते, पण काटे नाहीत. ही खरं तर रुईच्या कुळातली. खडकाच्या कपारीत मुळं रोवायची आणि कड्यावरून खाली लोंबायचं, अशी तिची राहणी. पावसाळ्यात पानं येतात, मग फुलं. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच पाकळ्यांची चांदणी, गडद तांबडं आणि त्यावर पिवळी नक्षी. फुलावर माशा येतात आणि परागीभवन करतात. शेंगा रुईसारख्या, बियांना म्हातारीच्या कापसासारखा झुबका. वाऱ्याबरोबर उडालेलं बी कपारीत अडकलं, तर तिथे नवं रोप.

डाल्झेल नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' असं नाव ठेवलं.

उन्हाळा कसा काढते?

कड्यावर माती मूठभर. पाऊस चार महिने, पुढे आठ महिने कोरडे. मग ही जगते कशी? आपल्या गटासारखीच, बचतीवर!

झाडाला अन्न तयार करायला हवा लागते. त्यासाठी पानांवरची बारीक छिद्रं उघडावी लागतात, पण ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन जातं. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, म्हणून पानं इतर झाडांसारखी दिवसा काम करतात. पाऊस संपला की ती पानं टाकून देते. आता सगळं काम खोडाकडे. खोड छिद्रं उघडतं ते रात्रीच्या गारव्यात. तेव्हा घेतलेली हवा आंबट रसाच्या रूपात साठवतं, आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच साठ्यातून उन्हाच्या मदतीने अन्न बनवतं. एकाच झाडाची पानं एका रीतीने आणि खोड दुसऱ्या रीतीने काम करतं, हे १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

मग धोका कशाचा?

उन्हाळ्यात तिच्याकडे बघून वाटतं, मेलं हे झाड. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या काड्या. पण त्या काड्यांतच तिचा जीव असतो. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं, म्हणून डोंगराला आग लावतात, तेव्हा नेमकी हीच साठवण जळते. शेळ्या पोचतात तिथली रोपं खाल्ली जातात, दरड कोसळली की कपारीसकट जातात. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, साताऱ्याचा सज्जनगड अशा मोजक्याच जागी ती उरली आहे. एका डोंगरावरची गेली तर शेजारून येणार कुठून?

आपण काय करायचं?

- आपल्या शिवारातल्या डोंगराला वणवा लावू द्यायचा नाही. गटाच्या बैठकीत आणि ग्रामसभेत हा विषय काढा.
- गडावरून रोप किंवा फांदी आणायची नाही, कुणी विकायला आणलं तर घ्यायचं नाही.
- गटाची रोपवाटिका असेल तर बागेत वाढवलेल्या रोपाचीच फांदी मिळवा. काप दोन-चार दिवस सुकू द्या, मग वाळू मिसळलेल्या मातीत लावा आणि पाणी बेतानं द्या. फांदीपासून ती सहज वाढते, मग कड्यावरची कशाला ओरबाडायची?

पुढच्या सहलीला पावसाळा सरताना जा. कड्याकडे लांबूनच, जपून बघा. तांबडी चांदणी दिसली तर लेकरांनाही दाखवा.